तणाचें बीं आणि आपली मजुरी

असोद्याच्या काळ्या जमिनींत निंदणीची मजुरी वर्षानुवर्ष वाढते, तरी तण हटत नाहीं. कारण त्याचें बीं मातींत सांठलेलें असतें. तें शेतभर सारखें नसतें. बांध, गुरांची वाट व उकिरड्याची जागा यांजवळ दाट असतें. नांगरानें खोल गेलेलें बीं निजून राहतें व पुढील नांगरटीस वर येऊन उगवतें. अमेरिकेंत मिशिगन येथें प्रो. बील यांनीं १८७९ सालीं पुरलेल्या बियांपैकीं कांहीं २०२१ सालीं उगवल्या! म्हणून आमचें मत असें कीं, कपाशींत अखेरच्या निंदणीनंतर राहिलेलें तण व बांधावरील गाजरगवत फुलण्यापूर्वींच उपटावें, शेणखत पूर्ण कुजवून घालावें. मात्र शेजाऱ्याचा बांध माजला तर एकट्याचे श्रम व्यर्थ होत. हें काम शिवारानें मिळूनच केलें पाहिजे.