बी.पी.एड. आणि आपल्या मुली
“बी.एड. म्हणाली असती तर लगेच हो म्हटलं असतं, पण बी.पी.एड.?” एका अम्मींचा सवाल. अहो, तीही शिक्षकाचीच पदवी! पदवीनंतर २ वर्षं. प्रवेशाला सीईटी आणि मैदानी चाचणी. शरीररचना, क्रीडा मानसशास्त्र, अध्यापन हे सगळं असतं, नुसतं पळणं नाही.

राहिली ओढणी. फिफाने २०१४ मध्ये फुटबॉलला, फिबाने २०१७ मध्ये बास्केटबॉलला डोकं झाकून खेळायची मुभा दिली. प्रेषित (स.) हजरत आयेशा (रजि.) यांच्याबरोबर शर्यत धावले, हे आपण मुलींना सांगतो का? आमच्या उर्दू शाळांत सातवी-आठवीनंतर मुली सरांपुढे धावायला लाजतात, मैदान सोडतात. तिथे बाईच हव्यात. प्रवेशाआधी कॉलेजात गणवेशाचा नियम तेवढा विचारून घ्या.