वयाची रेघ आणि मुलींचा वाटा

जलतरणाच्या शर्यतीत मुलगे आणि मुली एकमेकांविरुद्ध उतरत नाहीत. तलाव एक, अंतर बहुधा एकच. पण शर्यती वेगळ्या आणि पदकेही वेगळी. असे असता मुलींचे कुमारवय मुलग्यांच्या आधी संपते, असे नियमानेच ठरवून टाकण्याचे प्रयोजन काय? २००६ साली रिओ दि जानेरो येथे जागतिक कुमार जलतरण स्पर्धांना प्रारंभ झाला, तेव्हा मुलग्यांसाठी १५ ते १८ आणि मुलींसाठी १४ ते १७ अशी वयोमर्यादा होती. युरोपातील कुमार स्पर्धांची तऱ्हा याहून कडक होती. तेथे बराच काळ मुलींसाठी १५ व १६ आणि मुलग्यांसाठी १७ व १८ ही वर्षे राखलेली असत. ज्या वयात मुलगा कुमार म्हणून आत येई, त्याच वयात त्याची बहीण प्रौढ ठरून बाहेर पडे.

या भेदामागे शरीरशास्त्राचा आधार सांगितला जातो आणि तो खोटा नाही. मुलींची उंची झपाट्याने वाढण्याचा काळ साधारणतः बाराव्या वर्षाच्या आसपास येतो, मुलग्यांचा चौदाव्याच्या. म्हणूनच फार लहान वयात चमकलेल्या जलतरणपटूंत मुली ठळकपणे दिसतात. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये भारतातर्फे पोहणारी आरती साहा अवघी अकरा वर्षांची होती. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये भारतीय पथकात सर्वांत लहान होती ती चौदा वर्षांची धिनिधी देसिंघू. तेव्हा मुलींना एक वर्ष आधी प्रवेश द्यावा, हे म्हणणे समजण्याजोगे आहे. परंतु लवकर प्रवेश दिला म्हणून लवकर निरोपही द्यावा, हे त्यातून कसे निघते? दोघांच्याही वाट्याला चार-चार वर्षेच येत, हा हिशेब कागदावर बरोबर दिसे. वास्तविक वाढीच्या वयानंतर मुलीच्या शरीराची ठेवण बदलते, पाण्यातील तोल नव्याने साधावा लागतो आणि कित्येकदा वर्ष-दोन वर्षे वेळेत सुधारणाच होत नाही. नेमका धीर धरण्याचा हा काळ. आणि नेमके याच वेळी तो नियम तिला प्रौढ स्त्रियांच्या रांगेत नेऊन उभे करी.

मुलींची गती सोळा-सतराव्या वर्षी खुंटते, हा समज तर केव्हाच निकालात निघायला हवा होता. पॅरिसमध्ये ८०० आणि १५०० मीटरची सुवर्णपदके जिंकताना केटी लेडेकी २७ वर्षांची होती. ५० आणि १०० मीटर जिंकणारी स्वीडनची सारा शोस्त्रोम ३० वर्षांची. स्त्रीच्या दमसासाविषयी शंका घेण्याची क्रीडाधुरीणांची सवय मात्र फार जुनी आहे. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांना पोहण्याची मुभा १९१२ साली मिळाली, तीही दोनच शर्यतींत. पुरुषांची १५०० मीटरची शर्यत १९०८ पासून चालू होती. स्त्रियांना ती मिळायला २०२१ साली झालेले टोकियो ऑलिंपिक उजाडावे लागले. मधल्या काळात, १९२६ साली, गर्ट्रूड एडर्लेने इंग्लिश खाडी तोवरच्या सर्व पुरुषांपेक्षा कमी वेळात पार केली होती आणि १९५९ साली आरती साहा ती पोहून जाणारी पहिली आशियाई स्त्री ठरली होती. खाडीने जे मान्य केले, ते समित्यांच्या गळी उतरायला एवढा काळ लागला!

या पार्श्वभूमीवर आपल्याकडील शालेय क्रीडास्पर्धांचे कौतुक केले पाहिजे. महाराष्ट्रात या स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा तीन गटांत होतात आणि वयाची रेघ मुलग्यांना व मुलींना एकच असते. युरोपला जे दीर्घकाळ साधले नाही, ते आपल्या शाळांच्या परिपत्रकांत निमूटपणे नांदते आहे. पण रेघ समान असली तरी तिच्यापर्यंत पोहोचण्याची वाट समान आहे काय?

नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला, वसईच्या हरित पट्ट्यात असलेल्या गासचे उदाहरण घेण्याजोगे आहे. या परिसरात पाण्याची वाण कधी नव्हती. वाडीतील विहिरी आणि गोड्या पाण्याची बावखले हीच पिढ्यान्‌पिढ्या पोहण्याची शाळा. कित्येक बावखले आता बुजली, ही हानी वेगळीच. मात्र बावखलात हातपाय मारणे वेगळे आणि तलावात घड्याळाशी झुंजणे वेगळे. तलाव म्हटला की प्रवास आला, शुल्क आले, पहाटेची वा संध्याकाळची वेळ आली. आणि तेथे घरातल्या मुलग्याला जे सहज मिळते, ते मुलीसाठी मागून घ्यावे लागते. अंधार पडण्याआधी घरी परतण्याची अट तिला, पोहण्याच्या पोशाखावरून होणारी कुजबुज तिच्यासाठी, मासिक पाळीच्या दिवसांविषयी कुणाशी बोलावे हा संकोचही तिचाच. त्यातच दहावीचे वर्ष येते. चौदा वर्षांखालील गटात उतरलेली मुलगी सतरा वर्षांखालील गटात पुन्हा दिसेलच, अशी हमी कोणताही क्रीडाशिक्षक छातीठोकपणे देऊ शकणार नाही. परदेशी नियमाने जे उघडपणे केले, ते येथे घर, शाळा आणि तलाव मिळून न बोलता करतात.

क्रीडागुणांची सवलत मुलींना मैदानात टिकवील, असे सांगितले जाते. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेत पडणारी ही भर काही पालकांचे मन वळवते, हे मान्य. पण गुण पदरात पडले की पोहणे थांबते, हेही तितकेच खरे. गुणांसाठी पोहणारी मुलगी आणि पोहण्यासाठी पोहणारी मुलगी यांत फरक राहणारच.

तेव्हा वयोगटांचा प्रश्न दोन ठिकाणी सोडवावा लागेल. आंतरराष्ट्रीय पातळीवर १४ ते १८ अशी एकच व्यापक मर्यादा दोघांनाही असावी. त्यात लवकर वाढणाऱ्या मुलीची सोय होते, उशिरा बहरणाऱ्या मुलीवर अन्याय होत नाही आणि चौदा वर्षांच्या गुणी मुलग्यालाही दार बंद राहत नाही. आपल्या तालुक्यांत आणि जिल्ह्यांत मात्र नियम बदलण्याची गरज नाही, व्यवस्था बदलण्याची आहे. मुलींच्या पथकाबरोबर शिक्षिका पाठविणे, तलावावर स्त्री प्रशिक्षक आणि मुलींसाठी सोयीची, उजेडातील वेळ ठेवणे, १९ वर्षांखालील मुलींच्या गटात दोनच नावे आली तरी सर्व शर्यती घेणे, ही कामे मोठ्या खर्चाची नाहीत. पालघर जिल्ह्याला किनारा आहे, पाण्यात वाढलेली मुले आहेत. पुढील हंगामाच्या प्रवेशिका भरताना गासच्या आणि आसपासच्या शाळांनी गेल्या वर्षी चौदाखाली पोहलेल्या मुलींची यादी समोर ठेवावी आणि त्यांतील कोणाचे नाव या वेळी का नाही, हे एकेका घरी जाऊन विचारावे.