दोन फूटपट्ट्यांचं जहाज

कॉम्प्युटरवर चित्र काढणाऱ्या मुलांना एक सोय फार आवडते. फुलपाखराचा एकच पंख काढायचा, एक बटण दाबायचं, की आरशात दिसावा तसा दुसरा पंख हजर! जुन्या लढाऊ जहाजांची मॉडेल्स कॉम्प्युटरवर बनवणारे हौशी लोकही पुष्कळदा असंच करतात. एक बाजू मन लावून रचायची आणि दुसरी उलटवून घ्यायची. निम्मं काम वाचलं!

पण स्वीडन देशातल्या एका जहाजाला ही युक्ती चालत नाही. त्याचं नाव ‘वासा’. आपल्या घराचा वासा नव्हे हं, तिथल्या राजघराण्याचं हे नाव. मात्र घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात ना, इथं तर वासाच फिरला!

झालं असं. राजा गुस्ताव अडॉल्फ याला मोठं, दरारा वाटेल असं जहाज हवं होतं. ६४ तोफा, त्याही दोन मजल्यांवर. जहाजावर ठिकठिकाणी सिंह, योद्धे, देवदेवता कोरलेल्या. १० ऑगस्ट १६२८ रोजी स्टॉकहोमच्या बंदरातून ते पहिल्यांदाच निघालं. लोक काठावर उभे राहून कौतुकानं बघत होते. जेमतेम १,३०० मीटर गेलं असेल नसेल, वाऱ्याचा एक झोत आला आणि जहाज डावीकडे कललं. तोफांसाठी ठेवलेल्या खालच्या खिडक्या उघड्याच होत्या. त्यातून पाणी आत घुसलं आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत जहाज तळाला गेलं. सुमारे ३० माणसं बुडाली.

आता वाईट वाटण्यासारखी गोष्ट ऐका. जहाज डळमळतंय हे आधीच कळलेलं होतं! निघण्यापूर्वी ३० खलाशांना डेकवर या बाजूपासून त्या बाजूपर्यंत पळवून पाहिलं होतं. तीन फेऱ्यांतच ते इतकं झुलायला लागलं, की चाचणी थांबवावी लागली. राजा तेव्हा परदेशी लढाईवर होता आणि जहाज लवकर हवं म्हणून त्याची घाई चाललेली. ‘थांबू या’ असं म्हणायला कोणीच पुढे आलं नाही. पुढे चौकशी झाली. मुख्य कारागीर हेन्रिक हायबर्टसन तर १६२७ मध्येच वारला होता. मापं राजाला दाखवूनच ठरवली होती, असं सांगण्यात आलं. मग दोष कोणाचा? शिक्षा कोणालाच झाली नाही.

वासा ३३३ वर्षं पाण्याखाली होतं. बाल्टिक समुद्राचं पाणी फार खारट नाही, त्यामुळे लाकूड पोखरणारा समुद्री किडा तिथं नीट जगत नाही. म्हणून २४ एप्रिल १९६१ रोजी वर काढलं, तेव्हा जहाज जवळजवळ अख्खं मिळालं. आज ते स्टॉकहोमच्या संग्रहालयात उभं आहे.

त्या काळचे कारागीर कागदावर नकाशा काढत नसत. सगळा हिशेब डोक्यात! म्हणजे मॉडेल करायचं तर खुद्द जहाजच मोजायला हवं. रस्त्याचं मोजमाप करणारे लोक तिपाईवर दुर्बिणीसारखं यंत्र लावतात, ते तुम्ही पाहिलंच असेल. तसंच यंत्र तिथं आणलं. लेसरचा किरण एकेका फळीच्या कडेवर, एकेका खिळ्यावर टाकायचा आणि तो बिंदू कॉम्प्युटरमध्ये नोंदवायचा. असे हजारो बिंदू जोडून जहाज उभं करायचं. काम वर्षानुवर्षं चाललं, पण आरशाचं बटण कोणी दाबलं नाही.

म्हणूनच हे कळलं, की वासाच्या दोन बाजू सारख्या नाहीत! डावी बाजू उजवीपेक्षा जाड आहे. असं का? जहाजात कारागिरांच्या चार मोजपट्ट्या सापडल्या आहेत. दोन स्वीडिश फुटाच्या, त्यांवर १२ इंच. दोन ॲमस्टरडॅमच्या फुटाच्या, त्यांवर ११ इंच. स्वीडिश फूट सुमारे २९.७ सेंटीमीटरचा आणि ॲमस्टरडॅमचा २८.३. दहा फूट मोजले की १४ सेंटीमीटरचा फरक! वर्गात बाक वितेनं मोजायला सांगितलं की दर मुलाचं उत्तर वेगळं येतं, तसाच हा प्रकार. कारागिरांच्या निरनिराळ्या टोळ्यांनी आपापली पट्टी वापरली असावी, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

फक्त त्यामुळेच वासा बुडालं, असं मात्र समजू नका हं. (मुलं नेमका हाच मजेदार भाग लक्षात ठेवतात, म्हणून पालकांनाही सांगून ठेवते.) खरं दुखणं म्हणजे जहाजाचा वरचा भाग फार उंच, फार जड लाकडांचा आणि पाण्याखालचा भाग त्या मानानं लहान. तळाशी दगड भरले होते, पण ते पुरेसे नव्हते. मॉडेलमुळे कोणता भाग किती जड, हे नीट मांडता येतं.

या मोजमापाचा आणखी एक उपयोग आहे. जहाज आता स्वतःच्याच वजनानं हळूहळू खचतंय. म्हणून सन २००० पासून त्यावरचे ठरावीक बिंदू पुन्हा पुन्हा मोजतात आणि मागच्या आकड्यांशी ताडून पाहतात. कोणता बिंदू किती मिलिमीटर सरकला, हे त्यावरून कळतं आणि आधार कुठे द्यायचा तेही.