मान सुटते, श्रेय कोणाला?

मान अवघडली की उशी उन्हात टाकायची, हा आपल्याकडचा जुना घरगुती उपाय. कोणी मानेवरून लाटणं फिरवतं, कोणी पायाळू माणसाचा पाय लावून घेतं, कोणी न्हाव्याकडून मान मोडून घेतं. अलीकडे शहरांत या रांगेत कायरोप्रॅक्टरही उभा राहिला आहे. मोबाइलवर त्याच्या चित्रफिती फिरत असतात: वाकड्या मानेचा रुग्ण झोपतो, कायरोप्रॅक्टर त्याचं डोकं दोन्ही हातांत घेतो, एक हिसका, कटकन आवाज, आणि रुग्ण हसत उठून बसतो. या सगळ्या उपायांनंतर मान सुटते, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो श्रेयाचा, आणि त्या श्रेयासाठी मोजाव्या लागणाऱ्या किमतीचा.

आधी कायरोप्रॅक्टिकचा पक्ष नीट मांडू. कायरोप्रॅक्टर सांगतात की मानेचा मणका जागचा हलला की मज्जातंतूंवर ताण येतो, स्नायू आखडतात आणि मान एका बाजूला वळून बसते. हिसक्याने मणका जागेवर येतो, कटकन आवाज ही त्याची खूण. गोळ्या नाहीत, सुई नाही, शस्त्रक्रिया नाही. शिवाय हे काही गल्लीतलं कसब नव्हे. अमेरिकेत यासाठी स्वतंत्र पदवी आहे आणि पन्नासही राज्यांत परवाना मिळतो. यातला परवान्याचा मुद्दा खरा आहे. उरलेले तपासू.

मणका सरकण्याचा सिद्धांत मांडला डॅनियल डेव्हिड पामर यांनी. १८९५ साली आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्ट गावी त्यांनी हार्वी लिलार्ड नावाच्या बहिऱ्या सफाई कामगाराचा मणका दाबला आणि त्याला ऐकू येऊ लागलं, असा त्यांचा दावा होता. कानाचा मज्जातंतू मेंदूतून निघून कवटीच्या आतूनच कानाकडे जातो, मणक्यांच्या वाटेला तो फिरकतही नाही. तरीही याच पायावर पामर यांनी पुढे ९५ टक्के रोग मणके सरकल्यामुळे होतात, असं लिहिलं. ब्रिटनमध्ये कायरोप्रॅक्टरांची नोंदणी करणाऱ्या त्यांच्याच परिषदेने २०१० मध्ये जाहीर केलं की ही कल्पना ऐतिहासिक आहे, आणि ती रोगांचं कारण असल्याला संशोधनाचा आधार नाही. घरच्यांनीच सोडलेला सिद्धांत आपल्या शहरांतल्या जाहिरातींत मात्र अजून तेजीत आहे.

सकाळी उठल्यावर मान वळेनाशी होते तेव्हा मणका सरकलेला नसतो. रात्रभर मान विचित्र कोनात राहिलेली असते, किंवा मणक्यांमधला एखादा छोटा सांधा दुखावलेला असतो. त्याला जपण्यासाठी मानेचे आणि खांद्याकडे उतरणारे स्नायू आवळून बसतात. मणका खरोखरच सरकला असेल तर ती आणीबाणी असते. अशा वेळी मानेला आधार देऊन रुग्णाला रुग्णालयात न्यायचं असतं, हिसका द्यायचा नसतो.

आता तो आवाज. सांध्यात वंगणासारखा द्रव असतो आणि त्यात वायू विरघळलेला असतो. सांधा झटकन ताणला की आतला दाब उतरतो आणि द्रवात पोकळी तयार होते. कॅनडातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये एमआरआय चालू ठेवून बोट मोडताना ही पोकळी बनताना पाहिली. तोच सांधा लगेच पुन्हा मोडता येत नाही, साधारण वीस मिनिटं थांबावं लागतं. आपण रोज बोटं मोडतो, म्हणून रोज बोटांची हाडं जागेवर बसवतो असं कोणी म्हणत नाही.

यावर उत्तर ठरलेलं असतं: सिद्धांत चुकीचा असेल, पण बरं वाटतं ना? वाटतं. ते नाकारणं अप्रामाणिकपणाचं होईल. २०१२ मध्ये अमेरिकेत २७२ जणांवर झालेली चाचणी प्रसिद्ध झाली. दोन ते बारा आठवडे मान दुखत असलेल्या या लोकांचे तीन गट केले. एका गटाला कायरोप्रॅक्टिक हाताळणी, दुसऱ्याला औषधं, तिसऱ्याला तासाभराच्या दोन बैठकांत शिकवलेले घरचे व्यायाम. बारा आठवड्यांनी हाताळणीचा गट औषधांच्या गटापेक्षा सरस ठरला. जाहिराती एवढंच सांगून थांबतात. पुढचा निष्कर्ष असा की घरी व्यायाम करणाऱ्यांना जवळपास तितकंच बरं वाटलं. दिवसातून सहा-आठ वेळा मान आणि खांदे हळूहळू हलवणं, एवढाच तो व्यायाम होता. आणि रात्रीत अवघडलेली मान तर बहुधा काही दिवसांत, फार तर आठवडा-दोन आठवड्यांत आपोआप मोकळी होते. दुखणं टिपेला पोहोचलेलं असतानाच माणूस उपाय शोधतो, त्यानंतर उतार पडणारच असतो. तेव्हा जवळ जो असेल त्याला श्रेय मिळतं, मग तो पदवीधर असो की पायाळू.

किमतीचं काय? मेंदूच्या मागच्या भागाला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांतल्या छिद्रांतूनच वर जातात. मान जोरात पिळली तर त्यांचं आतलं अस्तर फाटू शकतं, तिथे गुठळी होते आणि पक्षाघात येऊ शकतो. असं क्वचित घडतं. त्यात हिसक्याचा वाटा किती, यावरही मतभेद आहेत. धमनी आधीच फाटलेली असते, तिच्यामुळेच मान दुखते आणि म्हणूनच रुग्ण कायरोप्रॅक्टरकडे जातो, असं कॅनडातल्या २००८ च्या एका मोठ्या अभ्यासावरून वाटतं. हे मान्य केलं तरी निष्कर्ष बदलत नाही. फाटलेल्या धमनीच्या मानेला हिसका देणं अधिकच वाईट. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ मध्ये सांगितलं की कारण सिद्ध झालेलं नसलं तरी हिसका देण्यापूर्वी रुग्णाला या धोक्याची कल्पना द्यावी. दुसरा मार्ग नसेल तर विरळा धोकाही पत्करावा. तितकंच बरं वाटायला लावणारा बिनधोक व्यायाम हाताशी असताना तो कशासाठी पत्करायचा?

याहून मोठा प्रश्न निदानाचा आहे. वाकडी मान हे लक्षण आहे आणि त्यामागची कारणं अनेक. उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइड घेतल्यावर एखाद्या मुलाची मान अचानक वळून बसते, तेव्हा योग्य इंजेक्शनने ती थोड्याच वेळात सुटते. घशाच्या संसर्गानंतर मुलांत मानेचे वरचे दोन मणके खरोखर एकमेकांवरून ढळू शकतात. आपल्या देशात मणक्याचा क्षयही दुर्मीळ नाही, आणि क्षयाने पोखरलेल्या मणक्याला दिलेला हिसका मज्जारज्जूवर बेतू शकतो. आमवातात वरच्या मणक्यांचे बंध सैल झालेले असू शकतात. महिनोन्महिने मान आपोआप एका बाजूला ओढली जात असेल तर तो मेंदूशी निगडित आजार असतो, त्यावर बोटुलिनम टॉक्सिनची इंजेक्शनं देतात. तान्ह्या बाळाची मान वाकडी असेल तर लवकर सुरू केलेल्या भौतिकोपचाराने ती बहुतेकदा सरळ होते. सोबत त्याचे खुबेही तपासून घ्यावेत. बाळाच्या कण्याला हिसका देण्याचं तर नावही नको. ऑस्ट्रेलियातल्या कायरोप्रॅक्टिक मंडळानेच २०१९ मध्ये दोन वर्षांखालच्या मुलांबाबत तशी मनाई केली होती.

खंडन इथवर. पण या उपचारात घेण्यासारखं काहीच नाही असं म्हणणारे डॉक्टरही हट्टीच. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने कायरोप्रॅक्टरांवर घातलेला बहिष्कार बेकायदा होता, असा निकाल तिथल्या न्यायालयाने १९८७ मध्ये दिला. आपल्याकडेही मान दुखली की एक्स-रे, त्यावर ‘स्पॉन्डिलोसिस’चा शिक्का, गळ्यात पट्टा आणि गोळ्यांची चिठ्ठी, हा क्रम ठरलेला. कोणताही त्रास नसलेल्या १,२११ जपानी लोकांच्या मानांचे एमआरआय काढले, तेव्हा ८७ टक्क्यांहून अधिक लोकांत चकतीला फुगवटा दिसला. छायाचित्रात दिसणारी झीज आणि माणसाला होणारं दुखणं यांची सांगड अशी सैल असते. कायरोप्रॅक्टर रुग्णाला वेळ देतो, हात लावून तपासतो, मान हलवायला सांगतो. घाईच्या दवाखान्यात हे तिन्ही मिळत नाही, म्हणून लोक तिकडे वळतात. या तिन्ही गोष्टी योग्यच आहेत, आणि हिसक्याशिवायही मिळू शकतात. मानेची हळुवार हाताळणी आणि हिसका यांचा परिणाम जवळपास सारखाच, असं उपलब्ध चाचण्यांचा २०१५ मधला मोठा आढावा सांगतो. प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट हेच काम करतो आणि त्याची नोंदणी करणारी परिषद महाराष्ट्रात आहे. कायरोप्रॅक्टरसाठी भारतात अशी वैधानिक परिषद नाही. काही बिघडलं तर दाद कुठे मागायची, याचं उत्तर त्यामुळे रुग्णाला मिळत नाही.

तेव्हा मान अवघडली तर शेक घ्या, झेपेल तेवढी मान हलवत राहा, गरज पडली आणि चालत असेल तर पॅरासिटामोल घ्या. ताप, मार लागलेला असणं, हातापायांत मुंग्या वा अशक्तपणा, जीभ जड होणं, दृष्टी दुहेरी होणं, तोल जाणं किंवा पूर्वी कधी झाली नव्हती अशी तीव्र डोकेदुखी वा मानदुखी, यांपैकी काहीही असेल तर वाट न पाहता रुग्णालय गाठा. आठवडा-दोन आठवड्यांत उतार नसेल तर डॉक्टरांना दाखवा. आणि कोणी तुमचं डोकं दोन्ही हातांत घेऊन हिसका देऊ लागलं, मग तो पदवीधर असो वा न्हावी, तर स्पष्ट नाही म्हणा.