शिबिराला पाठवा, पण प्रश्न विचारून पाठवा

मार्च संपत आला की वस्तीत एक रंगीत कागद फिरू लागतो. कधी शाळेतून येतो, कधी क्लासमधून, हल्ली मोबाईलवरच येतो. ‘साहसी उन्हाळी शिबिर, अलिबाग-काशिद, ५ दिवस. कयाक, रॅपलिंग, तंबूत मुक्काम.’ मुलगी तो कागद घेऊन आईच्या मागे लागते. आई म्हणते, बाबांना विचार. बाबा म्हणतात, पैसे कुठून आणायचे? आजी म्हणते, पाण्याजवळ नको गं बाई. आणि विषय तिथेच संपतो.

आम्ही आधी दवाखान्यात नोकरी केलेल्या आणि आता वस्तीवस्तीत आरोग्याचे काम करणाऱ्या बाया आहोत. रायगडच्या किनाऱ्यावर मुलांसोबत अशा शिबिरांना आम्ही गेलो आहोत. काही शिबिरांतून समाधानाने परतलो, तर एकातून भांडून परतलो. त्यावरून आमचे मत असे झाले आहे की मुलांना पाठवावे, मुलींना तर जरूर पाठवावे. मात्र डोळे मिटून पाठवू नये.

भीती खरी आहे, उपाय चुकीचा आहे

आजीची भीती उगाच नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याच्या एका महाविद्यालयाची सहल मुरूडला आली होती. त्यातले १४ विद्यार्थी समुद्रात बुडाले. मोठी, शिकलेली मुले होती ती. आपल्या देशात दरवर्षी ३० हजारांहून जास्त माणसे बुडून मरतात.

नोकरीत असताना किनाऱ्याजवळच्या एका दवाखान्यात आम्ही पंधरा-सोळा वर्षांचा एक मुलगा पाहिला होता. मित्रांनी त्याला रिक्षातून आणले. किनाऱ्यावर त्याला पालथे घालून, पोट दाबून ते पाणी काढत बसले होते. श्वास कुणीच दिला नाही, कारण तो द्यायचा असतो हे कुणाला ठाऊक नव्हते. त्याची आई आली तेव्हा ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, “तो क्लासला गेलाय, हा माझा नाही.”

ते वाक्य आम्ही विसरलेलो नाही. पाण्याजवळ जाऊ नको असे त्या मुलाला घरात बजावलेले होते. तरी तो गेला, फक्त न सांगता गेला. या वयाची मुले जातातच. म्हणजे मनाई केल्याने समुद्र टळत नाही. टळते ते एवढेच की सोबत जाणते माणूस असणे, अंगात जॅकेट असणे आणि मूल कुठे आहे हे आईला माहीत असणे. चांगल्या शिबिरात या तिन्ही गोष्टी असतात. म्हणून आमच्या मते चार मित्रांच्या गुपचूप सहलीपेक्षा नीट चालवलेले शिबिर पुष्कळ सुरक्षित आहे.

आणखी एक गोष्ट मनात येते. ज्या जिल्ह्याविषयी आपण बोलतो आहोत, त्याच जिल्ह्यात महाड आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा पाण्यावरचा आपला हक्क जगाला दिसला. त्या पाण्याजवळ जायलाच शतकानुशतके बंदी होती, मग पोहायला कुठून शिकणार? आज बंदी नाही, पण पोहणे येत नाही ते नाहीच. हक्क मिळाला, आता विद्याही मिळवायला हवी.

तिथे नेमके काय होते?

सकाळी साडेपाच-सहाला उठवतात. व्यायाम, नाश्ता, मग दुपारच्या उन्हाआधी एखादी मोठी गोष्ट. दोरावरून कडा उतरणे म्हणजे रॅपलिंग. दोन टोकांना बांधलेल्या दोरावरून दरी ओलांडणे म्हणजे व्हॅली क्रॉसिंग. वल्ह्याने चालवायची छोटी होडी म्हणजे कयाक. एखाद्या दिवशी चढाई असते. अलिबागजवळ सागरगड आहे, रेवदंड्यापलीकडे कोर्लईचा किल्ला आहे. तळा तालुक्यात खाडीकाठी कुडा येथे २६ बौद्ध लेणी आहेत. शिबिरवाल्यांच्या यादीत ती नसतील तर तुम्ही सुचवा. रात्री शेकोटी, गाणी आणि तंबूत झोप.

मोबाईल बहुतेक ठिकाणी काढून घेतात. पहिल्या रात्री मूल रडते, घरी यायचे म्हणते. बहुतेक मुले दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सावरतात. म्हणून पहिल्या फोनला घाबरून न्यायला धावू नका. पण मूल काही विशिष्ट सांगत असेल, कुणी मारले, कुणी हात लावला, पाणी प्यायला दिले नाही, तर एक क्षणही थांबू नका.

समुद्राविषयी मुलाला घरीच दोन गोष्टी सांगून ठेवा. भरती-ओहोटी साधारण सहा-सहा तासांनी बदलते, आणि अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण मोठे असते. ओहोटीला अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चालत जाता येते, तीच वाट भरतीत पाण्याखाली जाते. हरिहरेश्वरच्या खडकांवरून लाटेने ओढून नेलेली माणसे सगळ्यांच्या ऐकण्यात आहेत. दुसरी गोष्ट, पाणी आत ओढू लागले तर किनाऱ्याकडे तोंड करून झुंजायचे नाही. अंग सैल सोडून तरंगायचे, हात वर करून हाक मारायची आणि किनाऱ्याला समांतर बाजूला सरकायचे. आणि बुडणाऱ्या मित्राला वाचवायला स्वतः उडी मारायची नाही. दोरी, ओढणी, बांबू, रिकामा कॅन, जे मिळेल ते फेकायचे.

बुडालेल्याला बाहेर काढल्यावर पोट दाबू नये, उलटे धरू नये. श्वास चालत नसेल तर आधी तोंडाने श्वास द्यायचे, मग ३० वेळा छाती दाबायची, २ श्वास द्यायचे, आणि मदत येईपर्यंत हेच चालू ठेवायचे. कुणीतरी १०८ ला फोन करायचा. हे शिबिरातल्या प्रत्येक शिकवणाऱ्याला करता आलेच पाहिजे.

समुद्रापेक्षा ऊन जवळ असते

कोकणातले ऊन फसवे असते. आकडा विदर्भाइतका चढत नाही, पण दमट हवेत घाम वाळत नाही आणि अंग थंड होत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी याच जिल्ह्यात, खारघरच्या मैदानावर, एका सरकारी सोहळ्यात बसलेल्या १४ लोकांचा उष्माघाताने जीव गेला. म्हणून दुपारी बारा ते चार मुले सावलीत असली पाहिजेत. एक लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, ही घरची जलसंजीवनी प्रत्येक मुलाला बनवता यावी. चमचा चहाचा घ्यायचा. मूल बरळू लागले, अंग तापले, तोल जाऊ लागला, तर त्याला सावलीत न्या, कपडे भिजवा, वारा घाला आणि दवाखाना गाठा.

विंचू आणि साप कोकणात आहेतच. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन या साध्या गोळीचा उपयोग दाखवून दिला आणि कितीतरी जीव वाचले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचे काम याच जिल्ह्यातल्या खेड्यांत झाले. त्यामुळे दंश झाला की मांत्रिक नको, चिरा देणे नको, चोखणे नको, करकचून बांधणे नको. हातपाय न हलवता सरळ सरकारी दवाखाना. मुलाला बंद बूट आणि बॅटरी द्या, आणि सकाळी बूट झटकून घालायला सांगा. पाण्यात पाकटाची नांगी किंवा शिंगाळ्याचा काटा लागला तर पाय सोसेल इतक्या गरम पाण्यात धरला की वेदना कमी होते. नंतर दवाखान्यात दाखवायचेच.

आजार लपवू नका

एकदा होडीत बसायच्या रांगेत असताना एक मुलगा आमच्याजवळ येऊन हळूच म्हणाला, “ताई, मला फिट येते. आईने सांगू नको म्हटलंय, नाहीतर घेणार नाहीत.” त्याच्या जॅकेटचे पट्टे आम्ही नुकतेच आवळले होते. पाण्यात फिट आली असती तर? आम्ही त्याला त्या दिवशी होडीत बसू दिले नाही. तो रागावला, दिवसभर बोलला नाही. पण दोराच्या खेळात, शिकवणाऱ्याला सगळे सांगून, त्याच्यासोबत एक माणूस ठेवून, त्याने भाग घेतला. आईवर आम्ही रागावलो नाही. आपले मूल नाकारले जाईल ही भीती आपल्या घरांत जुनी आहे. पण फॉर्मवर खरे लिहिले तर शिबिरवाले मुलासाठी वेगळी सोय करू शकतात. लपवले तर सोय कशी करणार?

दमा असेल तर पंप मुलाच्या खिशात हवा, ऑफिसच्या कपाटात नको. सिकलसेलविषयी विशेष सांगतो. विदर्भातून मुंबई-पुण्यात आलेल्या आपल्या अनेक कुटुंबांत हा आजार आहे. सिकलसेलच्या रुग्णाला पाणी कमी पडणे, फार दमणे, गार पाण्यात कुडकुडणे यांनी तीव्र वेदना सुरू होऊ शकतात. तपासणी सरकारी दवाखान्यात होते. ती करून घ्या आणि रुग्ण असेल तर डॉक्टरांना विचारूनच पाठवा. नुसता वाहक असलेला मुलगा जाऊ शकतो, पण पाणी आणि विश्रांतीची काळजी हवी.

मुलींमध्ये रक्त कमी असणे ही घरोघरची गोष्ट आहे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या शंभर मुलींपैकी ५९ जणींमध्ये रक्त कमी आढळले. चढावर धाप लागणारी मुलगी आळशी नसते. शिबिराच्या दोन महिने आधीच हिमोग्लोबिन तपासा, लोहाच्या गोळ्या सुरू करा.

पाळी आली म्हणून शिबिर बुडवू नका. पॅड, जुने वर्तमानपत्र, एक जास्तीची सलवार पिशवीत द्या. त्या दिवशी पाण्यात उतरायचे की नाही हे मुलीने ठरवावे आणि ‘आज नको’ एवढे सांगणे पुरेसे असावे. कारण विचारणारा शिकवणारा नको.

फॉर्मवर सही करण्याआधी

एका शिबिरात तीस मुलांना बारा जॅकेट होती. आयोजक म्हणाले, “ताई, पाणी कमरेएवढंच आहे.” आम्ही मुले उतरू दिली नाहीत. बारा-बारा जणांच्या तुकड्या करा म्हटले, तर वेळ नाही म्हणाले. मुले हिरमुसली, वाद झाला, एक दिवस फुकट गेला. त्या दिवसाचे आम्हाला आजही वाईट वाटते, पश्चात्ताप मात्र होत नाही. तुम्ही तिथे नसाल, म्हणून हे प्रश्न आधीच विचारा.

१. पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आहे का? राज्याचे साहसी पर्यटन धोरण २०२१ सालचे आहे आणि त्यात ही नोंदणी सांगितली आहे. कागद दाखवा म्हणा.
२. किती मुलांमागे किती शिकवणारे? त्यांतले किती प्रथमोपचार शिकलेले?
३. पाण्यातल्या प्रत्येक मुलाला मापाचे जॅकेट आहे का? कड्यावर हेल्मेट?
४. जवळचा दवाखाना कोणता, गाडी रात्री उभी असते का?
५. मुक्कामी बाईमाणूस कोण? मुलींचे तंबू आणि संडास कुठे?
६. विमा आहे का? ‘काही झाल्यास आमची जबाबदारी नाही’ असे छापले असेल तर तसे का, ते विचारा. अशा सहीने निष्काळजीपणा माफ होत नाही.
७. मूल नको म्हणाले तर जबरदस्ती करता का?

उत्तरे देताना जो चिडतो त्याच्याकडे पाठवू नका. जमल्यास दोन आया मिळून आधी जागा पाहून या. एसटीत बायकांना अर्धे तिकीट आहे.

मुलाला दोन फोन नंबर पाठ करायला लावा, एक घरचा आणि एक १०९८. अंगाला नको तिथे हात लावणाऱ्याविरुद्ध २०१२ चा पॉक्सो कायदा आहे हे चौदा वर्षांच्या मुलाला समजते, सांगायला आपणच लाजतो. शेकोटीभोवती कुणी आडनाव उकरून जात विचारील, ताटावरून बोलेल, हेही घडते. तेव्हा मान खाली घालायची नाही आणि घरी येऊन गप्प बसायचे नाही, एवढे सांगून पाठवा.

राहिला पैशाचा प्रश्न. पाच दिवसांचे हजारो रुपये सगळ्यांना परवडणार नाहीत, हे खरेच आहे. पण शाळेत एनसीसी किंवा स्काऊट-गाईड असेल तर तिथली शिबिरे स्वस्त असतात. पालिकेच्या तरणतलावावर उन्हाळ्यात पोहणे शिकवतात, त्याची फी शिबिराच्या मानाने फार थोडी असते. आमचे तर म्हणणे आहे की शिबिराच्या आधी पोहणेच शिकवा. आणि वस्तीत जयंतीची वर्गणी जमते तेव्हा त्यातून दहा मुलांच्या पोहण्याची फी बाजूला काढता येणार नाही का? एक वर्ष डीजेचा एक तास कमी झाला तर बाबासाहेबांचा सन्मान कमी होणार नाही.

येत्या रविवारी विहारात जमाल तेव्हा हा विषय काढा. दहा नावे लिहा, त्यांत पाच मुलींची असू द्या.

जयभीम.