पायांतील वहाण

मागील खेपेस सुभाषितांच्या पाठांतराविषयीं लिहिलें होतें. या खेपेचा विषय अगदीं खालचा, म्हणजे पायाखालचा आहे. ज्यांस कंबरदुखीचा प्रसाद मिळालेला नाहीं त्यांनीं हें पान खुशाल उलटावें. परंतु पन्नाशी ओलांडलेला असा भाग्यवान मनुष्य आम्हांस तरी क्वचितच आढळला आहे.

नोकरींतून मोकळे झाल्यापासून रोज सकाळीं घोड नदीच्या कांठापर्यंत जाऊन यावयाचें, हा आमचा नेम. दोन वर्षांपूर्वीं कंबर धरूं लागली. चिरंजीव पुण्यास असतात. त्यांनीं तेथील एका मोठ्या दुकानांतून एक वहाणांची जोडी आणिली. पाऊल ठेवावें तों गादींत रुतल्यासारखें आंत जाई. किंमत ऐकून घरांतून शेरा आला कीं, एवढ्यांत वर्षाची तूरडाळ भरून झाली असती. पहिले आठ दिवस मोठ्या सुखांत गेले. पुढें पोटऱ्या भरून येऊं लागल्या, टांच ठणकूं लागली, आणि महिनाअखेर कंबर अशी जखडली कीं, संध्येस मांडी घालून बसणें अशक्य झालें. आम्हीं फिरणें बंद केलें. आराम पडेल अशी समजूत होती. दुखणें उलट बळावलें.

मंचरच्या ज्या डॉक्टरांकडे गेलों, त्यांनीं कंबरेस हात लावण्यापूर्वीं दाराबाहेर काढलेल्या वहाणा आंत मागविल्या. वैद्यानें नाडीऐवजीं जोडे पाहावे याची आम्हांस मौज वाटली. त्यांनीं जोडी मेजावर पाठमोरी ठेविली. उजवी वहाण बाहेरच्या अंगास स्पष्ट कलली होती. तळांतील मऊ फेस एकाच बाजूस दबून गेला होता. मऊपणा म्हणजे आधार नव्हे, असें ते म्हणाले. टांच एका अंगास कलली कीं घोटा कलतो, त्याबरोबर गुडघा वळतो, आणि हा सारा वांकडेपणा सांवरून धरण्याचें काम कंबरेच्या स्नायूंवर येऊन पडतें. शिवाय जिला मागें पट्टा नाहीं ती वहाण पायांतून निसटूं नये म्हणून बोटें नकळत आंवळून धरावीं लागतात. अमेरिकेंतील ऑबर्न विद्यापीठांत २००८ सालीं अंगठ्याच्या सपाता घालून चालणाऱ्यांची चाल तपासली, तेव्हां त्यांचें पाऊल आंखूड पडतें असें दिसून आलें.

एवढ्यावरून उत्तम वहाण घेतली कीं पाठदुखी गेली, असें मात्र कोणी समजूं नये. जोड्यांत घालावयाच्या ज्या गाद्या औषध म्हणून विकतात, त्यांनीं पाठदुखी टळत नाहीं, असा निष्कर्ष कॉक्रेन या संस्थेच्या २००७ सालच्या समीक्षेंत निघालेला आहे. खरा गुण चालण्याचा. ऑस्ट्रेलियांतील मॅक्वारी विद्यापीठानें पाठदुखींतून नुकत्याच उठलेल्या ७०१ माणसांवर एक प्रयोग केला. तो २०२४ सालीं लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. ज्यांस हळूहळू वाढवीत चालावयास लाविलें व पाठीविषयीं चार गोष्टी समजावून सांगितल्या, त्यांचें दुखणें उलटण्यास मध्यमानानें २०८ दिवस लागले. ज्यांस कांहींच सांगितलें नाहीं त्यांचें ११२ दिवसांत उलटलें. तेव्हां वहाणेचें काम एकच. तिनें माणसास चालूं द्यावें. आमच्या त्या महागड्या जोडीनें नेमकें तेंच बंद पाडलें होतें.

चरकाचार्यांनीं सूत्रस्थानाच्या पांचव्या अध्यायांत पादत्राणाचे गुण सांगतांना तें बल देणारें व चालणें सुखाचें करणारें म्हटलें आहे. पादत्राण कसें निवडावें हें मात्र त्यांनीं सांगितलेलें नाहीं; तें काम आम्हीं डॉक्टरांच्या तोंडून ऐकून येथें उतरवितों. वहाण सायंकाळीं घ्यावी, कारण दिवसभरांत पाय थोडा फुगतो. दोन्ही पावलें सारखीं नसतात, म्हणून मोठ्या पावलास बेतानें बसेल अशी घ्यावी, आणि तरुणपणचा क्रमांक धरून बसूं नये. वयोमानानें पाऊल रुंदावतें. हातांत धरून वांकविली असतां ती बोटांच्या मुळाशीं वांकावी, मध्यें दुमडूं नये. मागें पट्टा असावा. मधुमेह्यांनीं तर उघड्या, नव्या, चावऱ्या वहाणेच्या वाटेस जाऊंच नये. पायाची संवेदना मंदावलेली असतां फोड झालेला कळत नाहीं, आणि तेवढ्यावरून पुढें पायच गमावण्याची वेळ येते.

आतां कोणी विचारील कीं, खेड्यांत असें सर्व साधून कोण देणार? आमच्या एस्. टी. स्टँडाजवळ एक चर्मकार बसतो. तो आमचा जुना विद्यार्थी. त्यानें आमचें पाऊल कागदावर ठेवून पेन्सिलीनें आंखून घेतलें, दहा पावलें चालावयास लाविलें, परत बोलाविलें, आणि म्हणाला, "गुरुजी, तुम्ही उजवा पाय बाहेर टाकतां. शाळेंतही टाकायचांत. आम्ही मागून नक्कल करायचों." पंचवीस वर्षें आमच्या मागें काय चाललें होतें तें असें उशिरा कळलें.

त्याच्या हातांत आमचा पाय असतां दुसरीही एक गोष्ट आठवली. अभ्यास न करणाऱ्या मुलास "जोडे शिवीत बसशील" असें आम्ही वर्गांत सहज म्हणत असूं. हा मुलगा त्या वर्गांत असे. त्याचे वडील जोडे शिवतात हें आम्हांस ठाऊक होतें. तरी म्हणत असूं. त्या दिवशीं त्याविषयीं कांहीं बोलण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं.

चामड्याचा वास घेत बसलों असतां त्यानें सांगितलें कीं, कोल्हापुरी वहाणेचें चामडें बाभळीच्या सालीनें आणि हिरड्यानें कमावितात. हिरडा म्हणजे आमची हरीतकी! पोटासाठीं सात पिढ्या ती खाल्ली, पण पायाखालींही तीच आहे हें कधीं मनांत आलें नव्हतें. आमच्या तालुक्याच्या पश्चिमेस, भीमाशंकराच्या बाजूच्या डोंगरांत, आणि तसाच जुन्नरकडे, महादेव कोळी कुटुंबें हिरडा वेंचून त्यावर वर्षाचे चार पैसे गांठीस बांधितात. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानें त्यांचीं झाडें झोडपलीं, आणि भरपाईसाठीं त्यांना कित्येक वर्षें सरकारचे उंबरे झिजवावे लागले. कोल्हापुरीस २०१९ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. महाराष्ट्राचे व कर्नाटकाचे मिळून आठ जिल्हे त्यांत आहेत. जून २०२५ मध्यें इटलींतील प्राडा या पेढीनें मिलानच्या प्रदर्शनांत तसल्याच वहाणा मांडल्या, त्यावरून ओरड झाली, आणि मग त्या पेढीनें मूळ कोठलें तें कबूल केलें. कोल्हापुरीचा अभिमान आम्हांसही आहे, परंतु खरें तें सांगितलें पाहिजे: तिचा तळ सपाट व कठीण, मागें पट्टा नाहीं, आणि पावसाची तिला भारी भीति. समारंभास ती शोभते. डांबरी रस्त्यावर कोसभर चालणाऱ्या साठीच्या माणसास ती रोजची म्हणून आम्ही सुचविणार नाहीं.

आणखी एक गोष्ट घरांतील. आपल्या घरांत वहाण उंबऱ्याच्या आंत यावयाची नाहीं. ही रीत बाहेरची घाण घरांत येऊं नये म्हणून चांगलीच आहे. परंतु पूर्वीं पायाखालीं शेणानें सारवलेली भुई होती, आतां कडक फरशी आहे, आणि तिच्यावर ओट्यापाशीं अनवाणी तासन्‌तास उभें कोण राहतें? आमच्या घरीं सकाळीं बिछान्यांतून उतरतांना पहिलें पाऊल टेकलें कीं "आई गं" असा स्वर निघे, आणि आम्ही स्वतःच्या कंबरेच्या कौतुकांत तो वर्षभर ऐकून सोडून दिला. केवळ घरांतच वापरावयाची, पट्ट्याची, टांचेस आधार देणारी एक स्वच्छ जोडी घरांतील स्त्रीस आणून द्यावी. देवघराशीं ती काढून ठेवावी, म्हणजे सोंवळ्यासही बाध नाहीं. आमच्याकडे आणून चार महिने झाले. तो स्वर आतां क्वचित् ऐकूं येतो.

आमच्या जोडीचा तळ त्या विद्यार्थ्यानें बदलला, उजवी टांच सारखी केली, मागें चामड्याचा पट्टा बसविला. नदीपर्यंतचें फिरणें पुन्हां सुरू झालें आहे. प्रथम पिंपळापर्यंत, मग देवळापर्यंत, असें वाढवीत नेलें. जोडी आणावयास गेलों तेव्हां आम्हीं एकदांचें विचारलें, "अरे, वर्गांत मी जोडे शिवण्याविषयीं जें म्हणत असें, तें तुला आठवतें का?"

त्यानें आरी खालीं ठेविली नाहीं. "आठवतं कीं, गुरुजी. त्या सालीं तुमचे जोडे आमचे बाबाच शिवायचे."

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. मजुरी त्यानें बाजारभावाप्रमाणें घेतली, रुपयाही कमी केला नाहीं, आणि मृगाच्या आधीं पट्टा एकदां दाखवून न्या, म्हणून सांगितलें.