माथेरानला जेवायचं कुठे? आधी विचारा, किती वाजता



मंडळाची नोव्हेंबरची सहल माथेरानला ठरतेय. पहिला प्रश्न नेहमीचाच आला, "तिथे जैन मिळतं का?" लगेच उत्तरही आलं, "मिळतं गं, जागोजागी पाट्या आहेत." झालं, विषय संपला. माझ्या मते तो सुरूच झालेला नाही.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात आम्ही घरची अकरा माणसं तिथे गेलो होतो. चाळीसगावहून कल्याण, तिथून लोकलने नेरळ, मग वर. हॉटेलचं नाव लिहीत नाही, कारण चूक त्यांच्याइतकीच आमचीही होती. माथेरानला बऱ्याच ठिकाणी असतं तसं नाश्ता आणि दोन्ही वेळचं जेवण भाड्यातच होतं. दारात 'जैन जेवण मिळेल' ही पाटी. पोचल्या पोचल्या आमच्या जाऊबाईंनी वेटरची उलटतपासणी घेतली. कांदा-लसूण? नाही घालत. बटाटा? वेगळं काढून देऊ. चहात आलं? सुंठ घालू. बिचारा सगळ्याला हो म्हणाला. रात्रीचं जेवण किती वाजता, हे मात्र कोणी विचारलं नाही. ते होतं साडेआठला. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो!

आम्ही चौघी चौविहारवाल्या. दोन रात्री, चार माणसं, म्हणजे आठ ताटांचे पैसे भरले आणि एकही ताट उचललं नाही. बी.कॉम. केलेल्या बाईला हे टोचतंच. पण पैशांचं सोडा. आम्ही निघतानाच विजेची शेगडी, तांदूळ, मुगाची डाळ, तुपाचा डबा बांधून घेतला होता. आपल्याकडे सहलीला ही शेगडी येतेच, आणि तिला मोठ्या कौतुकाने 'सोय' म्हणतात. दोन्ही संध्याकाळी पाच वाजता सगळे पॉर्क्युपाइन पॉइंटला सूर्यास्त बघायला निघाले, आणि धाकटी सून खोलीत बाथरूमच्या दाराशी बसून आमच्यासाठी खिचडी ढवळत राहिली. ती स्वतः चौविहार करत नाही. आम्ही ती गरम खिचडी खाल्ली, वर छान झाली म्हटलं, आणि पच्चक्खाण घेतलं. घरी आल्यावर फोटो बघताना लक्षात आलं, सूर्यास्ताच्या एकाही फोटोत ती नाही. माझा नेम आणि सुट्टी तिची गेली. तेव्हापासून हे लिहायचं मनात होतं.

आता पाटीकडे येऊ. बावीस अभक्ष्यांची यादी आपण लहानपणी पाठशाळेत म्हटली आहे. त्यात अनंतकाय आहे, म्हणजे बटाटा, गाजर, ओलं आलं आलंच. पण त्याच यादीत रात्रीभोजन आहे. मध आहे, लोणी आहे, बर्फ आहे, द्विदळ आहे. हॉटेलवाल्याने त्यातलं एक कलम उचललं आणि त्याची पाटी केली. त्याला दोष का द्यायचा? आपण तेवढंच विचारतो, तो तेवढंच देतो. बटाट्याऐवजी कच्चं केळं कुस्करून वर लोण्याची वडी ठेवलेली 'जैन पावभाजी' आपणच रात्री नऊला मागवतो. थाळीत न तापवलेल्या दह्यातली बुंदी असते, ती कोणी परत पाठवत नाही. बाजारात बर्फाचा गोळा खातो, थंड हवेच्या गावाची आठवण म्हणून मधाची बाटली घेतो, आणि आलं घातलं म्हणून चहावाल्यावर मात्र डाफरतो. (खानदेशात तीन पिढ्या राहून आमच्या घरात वांग्याचं भरीत शिजलं नाही. एवढ्या कडक घरातली माणसं डोंगर चढली की काय होतं कोण जाणे.)

काहीजणी म्हणतील, "प्रवासात एवढं चालतं." चालू दे की. जिला रात्री जेवायचं तिने जेवावं, माझी हरकत नाही, माझ्या घरातही जेवतात. पण मग आल्यावरून वेटरला उभं करू नका. आणि डोंगरावर भूक आवरत नाही, हे तर मला सांगूच नका. शत्रुंजयावर आपण साडेतीन हजारांवर पायऱ्या चढतो. वर अन्नाचा कण तोंडात घालत नाही, आणि खाली तळेटीला येऊन भातं घेतो. पालिताण्याच्या भोजनशाळेत सूर्यास्ताच्या आत जेवण उरकावं लागतं, तिथे कोणी कुरकुरत नाही. तीच आपण माणसं.

"घरचं ते घरचं, बाहेरचा भरवसा नाही," हे म्हणणाऱ्यांना माझा एकच प्रश्न आहे. ते घरचं सहलीत कोण करतं? खाखरे, थेपले, सुक्या पुऱ्या जरूर न्या, ते घरून करून नेता येतं. शेगडी नेली की तिच्यामागे एक बाई बसतेच, आणि ती बाई कधीच सासरेबुवा नसते.

म्हणून मी यंदा आधी फोन केले. तीन ठिकाणी विचारलं, "साडेपाचला गरम जेवण द्याल का?" एकाने सरळ नाही म्हटलं, त्याचे आभार, निदान खरं बोलला. दोघे हो म्हणाले. अट एवढीच, किती माणसं ते आदल्या दिवशी कळवा, आणि पूर्ण थाळी मिळणार नाही. वरण-भात, फुलके, एक भाजी. मला तेवढं पुरे आहे. दस्तुरीच्या पुढे मोटारगाड्यांना बंदी, भाजीपाला घोड्यावर नाहीतर माणसाच्या डोक्यावरून वर येतो. ऐनवेळी पाचला जाऊन चूल पेटवा म्हणण्यात अर्थ नाही, आदल्या दिवशी सांगितलं तर करतात. उकळलेलं पाणी मिळेल का, तेही मी त्याच फोनवर विचारून घेतलं. आणि दोघांपैकी ज्याने संध्याकाळचं जेवण न घेणाऱ्यांचे पैसे भाड्यातून वजा करायचं कबूल केलं, त्याचं हॉटेल ठरवलं आहे.

पॉइंटवर साडेपाचच्या आधीच निघायचं म्हणून कोणी हिरमुसलं असेल, तर तिने दुपारी पाचलाच जेवून घ्यावं, तेही मी विचारून ठेवलं आहे. भरल्या पोटी सूर्य बुडताना बघायला काहीच हरकत नाही.

नावं रविवारपर्यंत द्या. चौविहारवाल्यांनी नावापुढे खूण करा, मला आकडा कळवायचा आहे. आणि सामानाच्या यादीत कोणीतरी 'शेगडी: आमच्याकडून' असं माझ्या नावावर लिहिलंय, ते मी खोडलं आहे.